त्याच्या उंचीची दुर्बीण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने मुलगा गेल्यावर आपली मोठी दुर्बीण एका शाळेला देऊन टाकली होती. मुलाला घरात सगळे टिल्लू म्हणायचे. सातव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्यानंतर बापाने आकाशाकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि आईने टिल्लूचं नाव काढलं नाही. वर्षं अशीच सरली.

निवृत्त झाल्यावर त्याला पुन्हा आभाळ खुणावू लागलं. "एक लहानशी दुर्बीण घ्यावी म्हणतोय," तो चाचरत म्हणाला. बायको रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मीही येते."

दुकानदार बाई बोलक्या होत्या. "उचलून न्यायची ना? मग वजन आधी बघा. घरात पडून राहणारी दुर्बीण काय कामाची?" त्यांनी उंच तिपाईवरची, लांब नळीची एक दाखवली. त्याला ती एका नजरेत आवडली. कंबर न वाकवता बघता येत होतं.

बायको मात्र कोपऱ्यातल्या एका बुटक्या, आरशाच्या दुर्बिणीपाशी थांबली होती.

"ती टेबलावर ठेवायची," बाई म्हणाल्या. "पिशवीत मावते, दिसतंही छान. पण जमिनीवर ठेवलीत तर गुडघे टेकावे लागतील. या वयात..."

"हीच घेऊ," बायको म्हणाली. "त्या उंच दुर्बिणीला त्याचा डोळा पोचणार नाही. चवड्यांवर उभं राहावं लागेल त्याला."

बाईंनी कौतुकाने विचारलं, "नातू का?"

त्याने बायकोला जरा बाजूला घेतलं. "अगं, आज तो माझ्याहून उंच असता."

"तुमच्या हिशेबात असेल," ती म्हणाली. "माझ्या नाही."

त्याने बुटकी दुर्बीण बांधायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं गच्चीवर गेली. टेबल न्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने सतरंजी अंथरली, कण्हत गुडघे टेकले आणि शनी शोधला. मग बायकोला हात देऊन खाली बसवलं.

ती बराच वेळ डोळा लावून होती. "हे कडं खरंच आहे?"

"खरंच आहे."

"त्याने बघितलं होतं?"

"हो. विचारत होता, हे काढून आईच्या हातात घालता येईल का म्हणून."

ती खुदकन हसली. तसं हसू त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. पण ते मध्येच फाटलं, आणि दुर्बिणीवर कपाळ टेकून ती हमसाहमशी रडू लागली. "मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं तुमच्या एकट्याजवळच ठेवलंत?"

"तू नावच काढू देत नव्हतीस."

"तरी सांगायचं होतं."

तो तिच्याजवळ सरकला. धक्क्याने दुर्बीण हलली होती, शनी केव्हाच निसटला होता. तो पुन्हा शोधायला त्याने हात पुढे केला, तशी तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे ते. अजून काय काय म्हणायचा, ते सांगा."

तो सांगत राहिला. काही आठवत होतं, बरंचसं विसरलं होतं. जे विसरलं होतं, ते विसरलो असंही त्याने तिला सांगितलं.