बाईसाहेबांची पसंती

बाईसाहेब म्हणजे आईची शेळी. आई व्हिडिओ-कलाकार होती आणि गेली सहा वर्षं तिच्या फिल्मचं संकलन बाईसाहेबच करत. पद्धत साधी होती. मागच्या खोलीत कापडी पडदा, समोर रवंथ करत बसलेली शेळी. आई एकेक शॉट लावायची. बघता बघता शेळीचा जबडा थांबला, की शॉट पास. रवंथ चालूच राहिला, तर शॉट कितीही देखणा असो, बाद. "माणसं खोटी वाहवा करतात," आई म्हणायची, "हिला ते जमत नाही."

आईला जाऊन दोन महिने झाले होते. शेवटच्या फिल्मचा फक्त अखेरचा शॉट ठरायचा राहिला होता, आणि कलादालनाच्या बाईंना तो आज संध्याकाळपर्यंत हवा होता. लेकीने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा आई कॅमेरा बंद करायला विसरली होती आणि त्याच्याकडे बघून चांगलं अर्धं मिनिट हसत राहिली होती. शेवट तोच. पण आईच्या रीतीने, बाईसाहेबांच्या संमतीने.

"आणि नाही थांबली तर?" शेळीला दोरीने ओढत आणणाऱ्या मावशीने विचारलं.

"थांबेल गं. सहा वर्षं आईच्या मागे मागे फिरलीय ती."

आईचा चेहरा पडदाभर उमटला. मावशीने चष्मा काढून पुसला. बाईसाहेब निवांत रवंथ करत होत्या. लेकीने शॉट पुन्हा लावला. रवंथ चालूच. तिसऱ्यांदा लावला, तर बाईसाहेबांनी उठून पडद्याकडे पाठ केली आणि लेंड्या टाकल्या.

"कृतघ्न मेली!" लेकीचा आवाज चिरकला.

मावशीला हसू आवरेना. "अगं, तुझी आई होती तेव्हा तरी ही तिच्या तोंडाकडे कुठे बघायची? तुझ्या उंचीवरून नको बघूस, हिच्या उंचीवरून बघ."

लेक धुसफुसत शेळीशेजारी जमिनीवर बसली आणि मावशीकडे पाहू लागली. समोर मावशीचा चेहरा नव्हताच. होते ते लोंबते हात.

ती उठली आणि बाईसाहेबांना न दाखवताच आईने टाकून दिलेले तुकडे धुंडाळू लागली. एका तुकड्यात आई फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसत होती. तीन सेकंद पडद्यावर नुसता हात, अंगठ्याचं नख तुटलेलं.

जबडा थांबला. दोन्ही कान पुढे आले.

"थांबली! मावशी, थांबली!" लेकीने मावशीला मिठीच मारली.

"हात ओळखला, की फडकं बघून तोंडाला पाणी सुटलं?" मावशी म्हणाली. "फडकी खायची भारी हौस हो हिला."

लेकीने स्वतः तो हात एका क्षणात कशावरून ओळखला होता, तेही तिला सांगता आलं नसतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती पोट धरून हसत होती. तिने तुकडा पाठवून दिला.

कलादालनाच्या बाईंचा लगेच फोन आला. "अहो, शेवटी नुसता हात? त्यापेक्षा तो समुद्राचा शॉट किती छान होता! संकलकांशी एकदा बोलून बघता का?"

"बोलले असते," लेक एका हाताने दोरी ओढत म्हणाली, "पण त्या आत्ता पडदा खातायत."