तीन लिटर

मी शिवणकामाच्या कारखान्यात बाह्या जोडते आणि तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. किडन्या गेल्या तेव्हा सहा वर्षं डायलिसिसवर काढली. दिवसाला पाणी मोजून दोन पेले. मग ताईने स्वतःची एक किडनी मला दिली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ऑक्झलेट नावाचं क्षारद्रव्य लघवीवाटे बाहेर जातं. तुमचं सहा वर्षं गेलंच नाही, हाडांपर्यंत साचून बसलं. नवी किडनी आता ते उपसतेय. रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर त्याचे खडे तिच्यातच होतील."

मी मान डोलावली आणि दोन पेल्यांवरच राहिले. खोटं कशाला बोलू? पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायला मुकादमाचा पास लागतो. चाळीस बायकांत एकच लाकडी पास!

चोवीस तासांची लघवी तपासायला नेली, तर कॅन पावसुद्धा भरलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तातलं ऑक्झलेट उतरलंय. पण लघवीत खच्चून आहे. किडनी राबतेय आणि तुम्ही तिला पाणीच देत नाही."

शेजारी ताई बसली होती. तिने नुसता कुशीवरच्या टाक्यांवर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या चाचणीला मी कॅन थेट मुकादमाच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"दिवसभराची लघवी यात जमा करायचीय. अजून रिकामा आहे, घाबरू नका."

बायका फिदीफिदी हसल्या. तो लालबुंद झाला. "पास बाहेर गेलाय. थांब."

"नाही थांबत."

"पासाशिवाय उठलीस तर उद्यापासून येऊ नकोस!"

मी म्हटलं, "नोकरी दुसरी मिळेल, साहेब. ताईकडे द्यायला दुसरी किडनी नाही."

कॅन उचलला आणि निघाले. त्या दिवशी सात वेळा उठले. सातव्यांदा काजं करणारी म्हातारी मागून आली. म्हणाली, "चल गं, मीपण सकाळपासून दाबून धरलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने कॅन उचलून पाहिला. "अगंबाई, केवढा जड!" म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

मी पाण्याची मोठी बाटली भरली आणि कामावर गेले.