खिळ्यावर राहिलेलं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो. तिजोरीचं नाही आणि घराच्या दाराचंही नाही. चोराशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नाही. माझ्या लाल अंगावर सतरा हा आकडा कोरलेला आहे आणि कागदाच्या एका कारखान्यात मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत असतो. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत, कडी गंजली आहे. मला बघून तुम्हाला हसू येईल, पण मी जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही. तुम्ही लहान आहात म्हणून ते तुमच्यापासून लपवावं, असंही मला वाटत नाही.

आम्ही चोवीस कुलपं एकाच पेटीतून इथे आलो. प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि एकच. दुसरी किल्ली करायची नाही, असा कडक नियम होता. त्याचं कारण ऐका. या कारखान्यात दोन पुरुष खोल अशी एक टाकी आहे. रद्दी आणि पाणी तिच्यात पडतं आणि तळाशी फिरणारं भलंमोठं पातं त्याचा लगदा करतं. दर मंगळवारी पातं बंद करून माणसं शिडीने टाकीत उतरतात आणि जाळीत अडकलेल्या तारा, चिंध्या ओढून काढतात. पातं सुरू करायचं बटण वर भिंतीवर आहे आणि तिथून टाकीचा तळ दिसत नाही. म्हणून बटणाच्या दांडीला सहा भोकांची लोखंडी पट्टी बसवलेली आहे. जो उतरेल त्याने आपलं कुलूप त्या पट्टीत अडकवायचं, किल्ली खिशात घालायची, आणि वर आल्यावर स्वतःच्या हाताने ते काढायचं. एक जरी कुलूप पट्टीवर असलं, तरी बटण हलत नाही. कोणावरही विश्वास न ठेवणं हीच माझी नोकरी होती आणि मी ती चोख करत होतो.

मी वाट्याला आलो फिटरकाकांच्या. काका नदीकाठच्या मुलखातले. तिकडची माणसं कमी बोलतात, आणि जे काम हातांनी तपासता येतं त्यालाच खरं मानतात. टाकीत उतरताना काका कोणाला काही सांगत नसत. मला अडकवायचे, एक हिसका देऊन बघायचे आणि चालू पडायचे. सांगायची गरजच काय होती? मी पट्टीवर दिसलो की काका खाली आहेत, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बंदराकडून आलेला एक वेल्डर तर कुलूप लावल्यावर बटण हलवूनही बघायचा. त्याचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही, असं म्हणून सगळे त्याला चिडवायचे.

मग नवे सुपरवायझर आले. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा डोंगरापलीकडचे, आणि त्यांच्यामागोमाग तिकडची बरीच माणसं कामाला लागली. त्या मुलखाची रीत वेगळी होती. तिकडे वडीलधाऱ्याने शब्द दिला की विषय संपला. ती माणसं खाली उतरताना ‘जातो दादा’ म्हणत आणि वर आल्यावर ‘आलो दादा’ म्हणत. दादा बटणापाशी पाय रोवून उभे राहायचे आणि त्या हाकांवरून प्रत्येकाचा हिशेब ठेवायचे. दादा तिथे उभे असताना कुलूप लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं. एकेक कुलूप खिळ्यावरच राहू लागलं. मी ते रोज बघत होतो, आणि मित्रांनो, मला तेव्हापासूनच भीती वाटत होती.

दादा वाईट होते असं समजू नका. वाईट असते तर बरं झालं असतं, काकांनी मला कधीच सोडलं नसतं. दादांना प्रत्येकाच्या घरची खबर असायची. कोणाच्या सासऱ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कधी आहे, कोणाच्या लेकीची परीक्षा कशी गेली, सगळं तोंडपाठ.

एका मंगळवारी मला पट्टीत अडकवताना पाहून दादा हसत म्हणाले, “काका, चार महिने झाले की! अजून माझ्यावर कुलूप?”

“तुमच्यावर नाही दादा, बटणावर,” काका म्हणाले.

दादा हसले खरे, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

पुढे पावसाळ्यात काकू आजारी पडल्या. काका दवाखान्याच्या बाकावर एकटे बसलेले असताना दादा तिथे गेले आणि तीन दिवस हलले नाहीत, असं मी नंतर ऐकलं. डबा आणला, डॉक्टरांशी बोलले, रक्तही दिलं. काकू बऱ्या होऊन घरी आल्या. काका कामावर परतले तो वारही मंगळवारच होता. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. दादा बटणापाशी उभे होते. काकांनी मला थोडा वेळ तळहातावर धरलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं. त्यांनी दादांचं मन राखलं.

काकांनी आपली रीत सोडली, पण दादांची रीत त्यांच्या अंगात नव्हती. ‘जातो’ आणि ‘आलो’ म्हणायची सवय त्यांना कोणी लावलीच नव्हती. काका खाली आणि कुलूपही नाही, हाकही नाही, अशी घडी आज ना उद्या येणार, हे मला दिसत होतं. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही, नुसतं किल्लीचं भोक आहे.

ती घडी पुढच्याच एका मंगळवारी सकाळी साडेदहाला आली. चौघं टाकीतून वर आले. तिघांनी ‘आलो दादा’ म्हटलं, काका गप्प होते, पण दादांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलं आणि चार बोटं मिटली. इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला. पातं अजून बंद का, असं ऑफिसातून विचारत होते. दादांनी पाठ वळवली. तिघं हात धुवायला गेले. काकांना आपली पकड खाली राहिल्याचं आठवलं आणि ते शिडीने पुन्हा उतरले. त्यांनी नेहमीसारखं कोणाला काही सांगितलं नाही. पट्टी रिकामी होती.

दादांनी फोन ठेवला. शिडीजवळ पंपवाला नळी धूत बसला होता. तोही डोंगरापलीकडचाच, दादांना देवासारखा मानणारा.

“सगळे वर आहेत ना रे?” दादांनी विचारलं.

पंपवाल्याने शिडीकडे पाहिलंच नव्हतं. पण त्यांच्या मुलखात वडीलधाऱ्याने विचारल्यावर ‘मला ठाऊक नाही’ म्हणत नाहीत. तसं म्हणणं म्हणजे उद्धटपणा.

“हो दादा,” तो म्हणाला.

दादांनी बटण वर केलं. त्यानंतर जे ऐकू आलं ते मी सांगणार नाही. काका गेले, मित्रांनो. एवढंच पुरे.

दादांनी चौकशीत कोणावर ढकललं नाही. दोष आपल्या नावावर लिहून घेतला आणि नोकरी सोडली. जाण्याआधी ते मला घेऊन काकूंच्या घरी गेले. काकूंनी मला हातात घेतलं नाही. त्यांनी खाली मान घालून एवढंच विचारलं, “भाऊजी, तुम्ही तिथंच होतात ना?”

“होतो वहिनी,” दादा म्हणाले, आणि दारातच मटकन खाली बसले.

मी परत माझ्या खिळ्यावर आलो. वर्षभर सगळ्यांनी न चुकता कुलपं लावली. मग जुनी माणसं पांगली, वेल्डर दुसरीकडे गेला, निरनिराळ्या मुलखांतून नवी माणसं आली. आता सुपरवायझर म्हणून एक बाई आहेत. स्वभावाने गोड, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या. नव्यांपैकी एकाच्या मुलाला त्यांनी खटपट करून शाळेत प्रवेश मिळवून दिला. परवाच्या मंगळवारी टाकीत पाच जण उतरले आणि पट्टीवर कुलपं चारच होती. “बाई स्वतः उभ्या आहेत की,” तो शाळावाला बाप हसत म्हणाला होता.

तासाभराने चारही कुलपं निघाली. बाईंनी दांडीवर हात ठेवला आणि विचारलं, “सगळे आले ना वर?”

पंपवाल्याचे केस आता पांढरे झालेत.

“मला माहीत नाही, बाई,” तो म्हणाला. “मी बघितलं नाही. हात काढा तिथून.”

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बाईंचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी हात काढला. पंपवाला शिडीपाशी गेला आणि खाली वाकला. तळाशी तो बाप अजून तार गुंडाळत होता.

मित्रांनो, माणसांवर माया करा, पण माया आहे म्हणून कुलूप खिळ्यावर ठेवू नका. जो कुलूप लावतो त्याला संशयी म्हणून हसू नका. आणि मोठ्यांनी विचारलेलं तुम्हाला ठाऊक नसेल, तर ‘माहीत नाही’ म्हणायला आजपासून शिका. इथे ते म्हणणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या निवृत्तीला आता आठच महिने उरले आहेत.