वरचं बिस्किट

शेवंतीचे गुडघे कुरकुर करायला लागले, त्या वर्षी तिची लेक मालन आठवीत होती. साल त्र्याण्णव.

शेवंती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. लग्न होऊन ती कोपरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर राहायला आली आणि सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरू लागली. सुकट म्हणजे वाळवलेला बारीक जवळा. आजूबाजूला बिल्डिंगा वाढत गेल्या, तसे तिच्या वाट्याचे जिनेही वाढले. चौथ्या मजल्यावरच्या मालूवहिनींनी हाक मारली की ती खाली उभी राहून आधी गुडघ्यांना विचारायची, मग पाय उचलायची.

पाटीच्या तळाशी उरलेला सुकटीचा चुरा ती फेकत नसे. नाचणीच्या पिठात तो मळायचा, चपट्या वड्या थापायच्या, तव्यावर मंद भाजायच्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांना घालायच्या. एक दिवस त्यातली एक वडी सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराबाई यांच्या पिंट्याने पळवली. पिंट्या पांढराशुभ्र पोमेरियन. घरच्या दूधपोळीकडे तो ढुंकूनही बघत नसे. ती वडी त्याने कुरुमकुरुम खाल्ली आणि दुसरीसाठी शेवंतीच्या दारात बसून राहिला.

उत्तराबाईंनी ही गंमत नौपाड्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना सांगितली. डॉक्टरांचा निरोप आला, "महिन्याला शंभर पाकिटं माझ्या दवाखान्यात ठेवतो. पण परवाना हवा, आणि पाकिटावर सगळं रीतसर छापलेलं हवं."

शंभर पाकिटं! तेवढी खपली, तर पाटी कायमची खाली ठेवता आली असती.

"आये, पहिलं सोसायटीचं ना-हरकत पत्र," चौकशी करून आलेली मालन म्हणाली.

दोघी उत्तराबाईंकडे गेल्या. "शेवंती, माझी हरकत नाही गं," उत्तराबाई म्हणाल्या, "पण वास! लोक तक्रार करतील."

"तुमच्या पिंट्याला इचारा, बाय. त्याची काय तक्रार हाय का?"

पिंट्या तिचा पदर हुंगत होता. उत्तराबाईंना हसू आवरेना. त्यांनी पत्र दिलं, पण अट घातली: भाजायचं ते मागची खिडकी उघडून, आणि मंडळी कामाला गेल्यावर.

मग पालिकेच्या ऑफिसात गुमास्ता परवान्याचा अर्ज. घरातून का होईना, धंदा करायचा तर त्याची नोंद हवी.

"धंद्याचं स्वरूप?" कारकुनाने विचारलं.

"कुत्र्यांचा खाऊ."

त्याने चष्मा वर केला. "कुत्री पैसे देतात?"

"त्यांचे मालक देतात, सायेब."

"नोकर किती?"

"मीच मालक, मीच नोकर. ही मुलगी शाळेत जाते, हिला लिहू नका."

कारकून हसत हसत लिहीत गेला. पंधरा दिवसांनी परवाना मिळाला. शेवंतीच्या नवऱ्याने, गुणाजीने, तो फ्रेम करून एकवीरा आईच्या फोटोशेजारी टांगला.

राहिलं लेबल. मालनने छापखान्यात कागद दिला: नाव, पत्ता, कशापासून बनवलं, महिना, किंमत आणि वजन दोनशे ग्रॅम. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'फक्त कुत्र्यांसाठी'. कारण आदल्याच संध्याकाळी गुणाजीने चहाबरोबर त्यातल्याच चार वड्या बिस्किटं समजून खाल्ल्या होत्या आणि वर म्हणाला होता, "मीठ कमी पडलंय गो."

पहिली दहा पाकिटं घेऊन दोघी नौपाड्याला गेल्या. कुत्र्याची पिल्लं तोलायचा काटा डॉक्टरांनी पुढे ओढला. एक पाकीट भरलं दोनशे वीस, दुसरं दोनशे चाळीस आणि तिसरं एकशे पंच्याऐंशी.

"हे तोललं नव्हतं का?"

"माझ्या हाताला कळतं, डॉक्टर. वाटा कुणी तोलून देतं का?"

कोळणी मासळी विकतात ती वाट्यावर. नजरेने सारखे ढीग लावायचे आणि ढिगाचा भाव सांगायचा. वीस वर्षं शेवंतीने काट्याला हात लावला नव्हता.

"तुमच्या हाताबद्दल माझं काहीच म्हणणं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पाकिटावर दोनशे छापलंय. त्याहून कमी भरलं तर तो गुन्हा, तुमचाही आणि माझाही. सोमवारी पुन्हा आणा. तेव्हा एक जरी कमी निघालं, तर मला ठेवता यायची नाहीत."

घरी आल्यावर मालनने वाण्याकडून काटा मागून आणला आणि तव्यावरची वडी थेट पारड्यात टाकायला निघाली.

"थांब, शाणे! गरम तोलू नको. सुकलं की वजन उतरतं. ह्यात मी म्हातारी झाले."

मालनने जीभ चावली. वड्या सुपात पसरल्या, दोन दिवस खडखडीत वाळवल्या आणि मग तोलायला घेतल्या. काटा दोनशेवर स्थिर झाला, की शेवंतीचा हात आपसूक सुपाकडे जायचा आणि आणखी एक वडी पारड्यात पडायची. मालन ती काढायची. शेवंती पुन्हा टाकायची.

"आये, काटा हलतोय!"

"हलू दे. वाट्यावर वर काय टाकलं नाय, तर लोक म्हणतील, बाई चिकट हाय. माझ्या आयशीनं कधी नुसता वाटा दिला नाय."

मालनला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. "कमी नको, एवढंच ते म्हणाले. जास्त नको असं कुठे म्हणाले? आये, असं करू. आधी काट्याचे दोनशे, मग तुझ्या हातची वरची एक."

"मग मी काय येगळं सांगत होते?" शेवंती म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी दहाच्या दहा पाकिटं तोलली. दोनशे आठ, दोनशे दहा, दोनशे नऊ. एकही कमी नाही. त्यांनी चष्म्यातून पाहिलं. "सगळी जास्त कशी?"

"दोनशे कायद्याचे," शेवंती म्हणाली, "वरचं माझं."

डॉक्टरांनी दर्शनी फळी रिकामी केली, पाकिटं ओळीत मांडली आणि उरलेली नव्वद आठवडाभरात पाठवायला सांगितली.

संध्याकाळी दोघी बिल्डिंगच्या फाटकातून आत शिरतात, तोच वरून हाक आली, "शेवंतीऽऽ, सुकट आणलीस का गं?"

शेवंतीने मान वर करून चौथ्या मजल्याकडे पाहिलं. गुडघ्यांना काही विचारलं नाही.

"हाय की, मालूवहिनी! तुम्हीच खाली या. मी आता घरीच असते."