रविवारची मुकी माणसं

नवागामच्या आमच्या चर्चमध्ये मोठा स्पीकर आला आणि लोकांनी गाणंच सोडलं. कीबोर्डवाला एकटा गातो, बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ काढतात. आठवडाभर कापडाच्या लूमच्या खडखडाटावर ओरडून बोलणारी ही माणसं रविवारी देवासमोर मुकी होतात. परवा माझं डोकंच फिरलं. गाणं चालू असताना मी उठले आणि स्पीकरचा प्लग उपटला.

"तोंड काय फक्त शेठला शिव्या घालायला दिलंय देवाने?" मी विचारलं. "त्याची स्तुती कोण करणार, हे मशीन?"

सगळे मान खाली घालून बसले. पास्टरसुद्धा.

मागे भिंतीपाशी मात्र कुणीतरी बेसूर, मोठ्याने गातच होतं. लूमवर कान गेलेले माझे बाबा. डोळे मिटलेले. स्पीकर आला कधी आणि बंद झाला कधी, त्यांना पत्ताच नव्हता.