उडीआधी धरलेले पाय

दाना ओली मोहल्ल्यातल्या शालिनीताई माणसं जोखून जपत. कोण कधी कामी येईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का. चुलत दीर महिपतराव त्यात सगळ्यात वर, कारण त्यांची ओळख म्हणे थेट निवड समितीपर्यंत. म्हणून लेकीच्या, स्मृतीच्या, नोकरीच्या चाचणीला, लांब उडीच्या मैदानावर, त्यांना मानाने बोलावणं गेलं. आज उडी बसली नाही तर पुढच्या वर्षी वय उलटणार, आणि खेळाडूंच्या कोट्यातलं हे दार कायमचं बंद.

स्मृती गुडघे उचलत, उसळत धावत होती.

"स्मृतीराजे, हे काय माकडचाळे?" महिपतरावांनी हाक मारली. "इकडे या. आपल्या घराण्यात आधी शिरा मोकळ्या करतात."

"काकासाहेब, कोच मॅडमनी मना केलंय. ऐन उडीआधी स्नायू खूप वेळ ताणून धरला, की थोड्या वेळासाठी त्याचा झटक्यातला जोर कमी होतो. त्यानं दुखापत टळते, तेही पक्कं नाही. दौडून गरम व्हायचं, बस."

"आमच्या वेळी मॅडम नव्हत्या, उड्या होत्या!" समितीच्या तंबूला ऐकू जाईल असं ते हसले.

शालिनीताईंनी तंबूकडे पाहिलं, मग लेकीकडे. "मान राख गं त्यांचा. पाय काय झिजणारेत?"

"मम्मी, प्लीज. अभी नहीं."

"आडवी हो म्हणते ना."

स्मृती आडवी झाली. एक पाय महिपतरावांनी सरळ वर रेटून धरला. दुसरा हलू नये म्हणून शालिनीताईंनी मांडी दाबून ठेवली. मग पाय बदलला. पुन्हा पहिला. नाव पुकारेपर्यंत हेच. धावून आलेली ऊब केव्हाच उतरली होती.

पहिली उडी आखूड. दुसरी त्याहून. तिसरीला पाय फळीवर पडला तो ओल्या पोत्यासारखा. पात्रतेच्या खुणेला चार बोटं कमी भरली. तंबूतल्या एकानेही महिपतरावांकडे मान वळवली नाही.

"शिराच अकडलेल्या," ते जमलेल्यांना सांगत होते. "आधीपासून माझ्याकडे पाठवलं असतं तर... काय वहिनी, खरं ना?"

तंबूतली ओळख किती खोल आहे, ते शालिनीताईंनी आत्ताच पाहिलं होतं. पण धाकट्या लेकाची, समरजीतची, भरती अजून व्हायची होती.

"हो ना," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून जरा अकडूच आहे ती."

स्मृती बुटांचे बंद सोडत होती. तिनं वर पाहिलं नाही. घराकडे, बाड्याच्या चौकाकडे जाणारा टेम्पो आला, तशी ती चढली. शालिनीताई मागून चढल्या, तेव्हा शेजारच्या जागेवर ठेवलेली पिशवी तिनं उचलली नाही.