बंधित चलन

ज्या वक्राच्या सगळ्या चढ-उतारांची बेरीज एका ठराविक आकड्यापलीकडे जाऊच शकत नाही, त्याचं चलन बंधित आहे असं आम्ही गणितात म्हणतो. चढ आणि उतार एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही मिळवायचे असतात. हे मी चौतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर, दुसरं काही सुचेना म्हणून, स्वतःच्या पायऱ्यांना लावून पाहिलं. पेपर आणायला अडतीस खाली, अडतीस वर. झाडांना पाणी घालायला गच्चीच्या दहा वर, दहा खाली. शहाण्णव.

"जन्मभर वक्र मोजलेत, आता जिना मोजा," ही म्हणाली होती.

रोजची बेरीज मी वहीत लिहायचो; तिच्यात शहाण्णवच्या वर एकही आकडा नाही, हे ध्यानात यायला सात महिने लागले. मग मी मुद्दाम आणखी एक पायरी उतरून पाहू लागलो. एकदा दाराची कडी अडकली, एकदा गुडघा धरला, एकदा शेजारी दारातच बोलत उभे राहिले ते जेवायची वेळ होईपर्यंत. असं अकरा वेळा झालं. मीच स्वतःला अडवत असेन, अशी शंका मला अजूनही आहे. पण शंकेनं बेरीज वाढली नाही.

पुढे हिला इस्पितळात ठेवावं लागलं. दोन खाटांची खोली, तिसरा मजला, अठ्ठावन्न पायऱ्या. लिफ्टनं गेलं तरी उंची तीच. घरच्या अडतीस धरून जाऊन-येऊन एकशे ब्याण्णव. आठ दिवस मी काहीबाही कारणं सांगत राहिलो. नवव्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "बाबा, आई आता तुमचं विचारतसुद्धा नाही."

त्या दिवशी पेपर आणला नाही, गच्चीवर गेलो नाही. लेकीला गाडीतच थांबायला सांगून इस्पितळाचा जिना कठड्याला धरून चढलो. कुणी अडवलं नाही.

ही खिडकीकडे तोंड करून पडली होती. चाहूल लागली तशी न वळताच म्हणाली, "किती झाल्या?"

"शहाण्णव."

"म्हणूनच विचारायचं सोडलं होतं मी."

तासभर बसलो. मग लेक खोळंबली असेल म्हणून उठलो आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पाय उचलला जात होता, खालच्या पायरीवर टेकत नव्हता. खोलीत परत आलो, तेव्हा नर्स मला काहीही न विचारता हिच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर घालत होती.